बियाची पाच वांगी

भरिताच्या जेवणाला साहेब येणार, हे चिमणाबाईला शुक्रवारी संध्याकाळी कळलं. तेही नवऱ्याकडून नाही, नळावर, शेजारच्या सुनंदाकडून. तिनं भरलेली बादली तिथंच सोडली आणि तरातरा घरी आली. नारायण वाघुळदे खाटेवर बसून टाचांना खोबरेल चोळत होता. डिसेंबर लागला की त्याच्या टाचा फुटायच्या.

"कोन येऊ राह्यलं रविवारी?"

"कोन म्हंजे? आपलीच लाइन."

"आन?"

"आन घाडगेसाहेब." बाटलीचं बूच बसवायला त्याला बराच वेळ लागला. "मोठा मानूस हाये. सोताहून येतो म्हनले."

"सोताहून? तुम्ही बलावलं तव्हाच येतो म्हनले ना?"

"एकच झालं."

"एक कसं झालं? वावर कोन करतं? वांगे कोनं लावले? रविवारी चार शेर पुऱ्या कोन लाटनार? आन मले हे नळावर सुनंदानं सांगावं?"

"सांगनारच व्हतो."

"कव्हा? साहेब पाटावर बसल्यावर?"

"भिंतीसाठी बलावलं त्याले. सात घरांसाठी. माह्या एकट्याच्या पोटासाठी नही."

"मंग हापिसात जा. अर्ज करा. वांगे कायले मधात घालता?"

"अर्ज केला व्हता. त्याचं काय झालं, तुले ठावं हाये?"

"नही."

"मलेही नही," नारायण म्हणाला आणि दुसरी टाच चोळायला घेतली.

एकोणऐंशी सालचा हिवाळा. आमची लाइन म्हणजे बडोद्याच्या दक्षिणेला, मांजलपूर मागं टाकून अर्धा कोस गेलं की लागणाऱ्या सात कौलारू खोल्या. कारखाना उभा राहिला तेव्हा बांधकामावर आलेल्या माणसांसाठी त्या बांधल्या होत्या. कारखाना झाला, आम्ही आतल्या कामावर लागलो आणि खोल्यांत तसेच राहिलो. सातही घरं खानदेशातली. खोल्यांच्या मागं चाळीस हात रुंदीचा काळ्या जमिनीचा पट्टा होता. जमीन कारखान्याची, पण आठ वर्षं तिथं आमच्याशिवाय कुणी पाय ठेवला नव्हता. बाभळीची मुळं आम्ही काढली, दगड आम्ही वेचले. उंच टाकी भरली की वरून पाणी सांडायचं, ते चर खणून आम्ही वावरात घेतलं. प्रत्येक घराचा एक तुकडा. सुनंदाचा लसूण आणि कांदापात, माझी मेथी आणि वाल, कुणाची तूर, कुणाची कोथिंबीर. वांगी फक्त चिमणाबाईची.

थंडीतले दोन महिने त्या पट्ट्यावर आमचं सगळं सुख होतं. सकाळी पाळी संपवून आलेली माणसं घरात न जाता मागच्या उन्हात बसायची. बायका तुरीच्या शेंगा मीठ घालून उकडायच्या आणि ते भगुणं मध्ये ठेवून सगळी लाइन शेंगा सोलत बसायची. दुपारी पोरं मांजाला काच लावत. चहात गवती चहा आणि आलं, दोन्ही पट्ट्यातलंच. आणि डिसेंबरातला एक रविवार भरिताचा.

ते भरीत चिमणाबाईच्या वांग्यांशिवाय होत नसे. फिकट पोपटी, अंगावर पांढुरक्या रेघा, एकेक फळ पोराच्या डोक्याएवढं. बडोद्याच्या बाजारात मिळतात ती जांभळी वांगी, गुजरातीत रिंगणं, ती भाजली की पाणी सुटतं. हिची वांगी भाजली की लोण्यासारखी व्हायची. हे बी तिच्या आईनं लुगड्याच्या पदराला बांधून दिलं होतं, यावलच्या बाजूला तिचं माहेर, तिथून. आई गेली. भावांनी सगळ्या शेतात केळी लावली. दोन वर्षांपूर्वी तिथल्या भावानंच हिच्याकडून बी मागून नेलं होतं आणि त्याची रोपं मर रोगानं बसली. म्हणजे त्या बियाचं घर आता जगात एकच राहिलं होतं, बडोद्याच्या बाहेर, कारखान्याच्या टाकीखाली.

बी धरायची तिची रीत ठरलेली होती. जुनं बी ती पेरत नसे आणि शिल्लकही ठेवत नसे. दिवाळीनंतर वावरात एकटीच फिरायची, झाड बघायची, फळ बघायची, खालून हात लावून तोलून बघायची. बेचाळीस झाडांतून पाच फळं निवडायची. त्यांच्या देठाला जुन्या हिरव्या लुगड्याची चिंधी बांधायची. चिंधी बांधली की त्या फळाला कुणी हात लावायचा नाही. ते झाडावर राहायचं, पिवळं पडायचं, आत बी कडक व्हायचं. त्या वर्षी तिनं वीस नोव्हेंबरला चिंध्या बांधल्या. दहा डिसेंबरला कारखान्यानं नोटीस लावली, की सोळा जानेवारीपासून पट्ट्यावरून आवारभिंत जाणार, तोवर जागा मोकळी करावी. लाइनीत रडारड झाली. सुनंदाचा लसूण होळीशिवाय तयार होणार नव्हता. चिमणाबाईनं मात्र बोटं मोजली. संक्रांतीला फळं पिवळी होतील, पंधराला तोडीन. वावर जाईल, त्याचं वाईट तिलाही वाटलं, पण बी हाताशी येणार होतं.

आवारभिंतीचं काम जयवंतराव घाडग्यांकडे होतं. कारखान्याची जागा, खोल्या, कुंपणं हे सगळं त्यांच्या अखत्यारीत. कारेलीबागेत राहणारे, जुने बडोदेकर. आजोबा संस्थानात खानगी खात्यात, म्हणजे राजवाड्याच्या कारभारात, होते, हे ते ओळख झाल्यावर पाच मिनिटांत सांगत. माणूस वाईट नव्हता. नोटिशीवर सही त्यांची होती आणि काम पुढं ढकलणं त्यांच्या हातात होतं, एवढंच.

रविवार, तेवीस डिसेंबर. सकाळी गारठा एवढा की टाकीच्या पाण्यावरून वाफ निघत होती. पलीकडच्या गावच्या कांचनबेननं बैलगाडीतून पळकाट्या आणून टाकल्या. पळकाट्या म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या. भरिताचं वांगं त्यांच्याच जाळावर भाजायचं, लाकडावर नाही आणि गॅसवर तर नाहीच. कांचनबेनची कपाशी वेचून झाली की दरवर्षी एक गाडी आमची, आणि तिच्या घरी एक पातेलं भरीत, असा व्यवहार होता.

"चिमणाबेन, आज मों केम चढेलुं छे?" गाडी रिकामी करता करता कांचनबेननं चिमणाबाईच्या फुगलेल्या तोंडाकडे बघत विचारलं.

"त्यांले विचारा," चिमणाबाई नवऱ्याकडे न बघता म्हणाली.

"नाराणभाई, शुं कर्युं तमे?"

"काही नही बेन. साहेब येनार हायेत."

"साहेब आवे एमां तो खुश थवुं जोईए!"

"तुम्हीच व्हा खुश," चिमणाबाई म्हणाली. "मी पुऱ्या लाटतो."

तरी जाळ लागल्यावर तिचा राग थोडा निवळला. पळकाट्या तडतडल्या, पहिली तीस वांगी जाळात गेली, सालं काळी पडून फुटायला लागली आणि तो वास लाइनभर पसरला. मी कांदापात चिरत होतो. कुणी हिरव्या मिरच्या आणि लसूण भाजत होतं. वांगी सोलून लाकडी बडगीत पडायची आणि चिमणाबाई दोन्ही हातांनी बडगा धरून ती ठेचायची. तिची पोर नयना केळीची पानं पुसत होती. सोळा वर्षांची, कॉलेजात जाणारी, बाहेर गुजरातीच बोलणारी. आपले आईबाप आज साहेबांसमोर कसे दिसणार, याची तिला सकाळपासून धास्ती.

साडेअकराला फियाट आली. जयवंतराव हातविणीच्या स्वेटरमध्ये, बरोबर पत्नी निरुपमाबाई. नारायण पुढं धावला.

"या या साहेब. या बाईसाहेब. गरिबाच्या वावरात."

"अरे वा, काय सुगंध सुटलाय!" जयवंतराव म्हणाले. "आजोबांच्या वेळी आमच्याकडे थंडीत पोंक, तुमचा हुरडा हो, खायला गाड्या निघायच्या, पादरा गावाच्या बाजूला. त्याची आठवण झाली."

निरुपमाबाईंना झाडं बघायची होती. नारायण आणि नयना त्यांना वावरात घेऊन गेले. पुढचं आम्हांला नंतर नयनानं सांगितलं. बाई वांग्यांच्या ओळीतून कौतुकानं चालत होत्या. चिंधी बांधलेलं पहिलं फळ त्यांना दिसलं. मग दुसरं.

"अय्या, खुणा करून ठेवल्यात! आमच्यासाठी राखून ठेवली वाटतं ही?"

त्यात त्यांचं काही खोटं नव्हतं. त्यांच्या घरी आंब्याची पहिली करंडी, दिवाळीचा पहिला डबा, खुणा करून वेगळं ठेवलेलं सगळं त्यांच्याच साठी यायचं. चिंधीचा दुसरा काही अर्थ असेल, हे त्यांच्या मनात यायला काही कारणच नव्हतं.

नयनानं तोंड उघडलं. नारायणनं तिच्याकडे डोळे वटारले.

"हो बाईसाहेब," तो म्हणाला. "तुमच्यासाठीच."

"किती करता हो तुम्ही लोक! मग दोन आत्ताच भाजू या, आणि तीन घरी नेते. आमच्या सासूबाईंना दाखवते, असली रिंगणं त्यांनी पाहिलीसुद्धा नसतील."

नारायणनं खिशातला चाकू काढून पाचही फळं देठापाशी कापली. निरुपमाबाईंनी चिंध्या सोडल्या आणि सवयीप्रमाणे नीट घडी करून बांधावर ठेवल्या. तीन वांगी पिशवीतून गाडीच्या डिकीत गेली. दोन नारायणनं स्वतः आणली आणि चिमणाबाईची पाठ असताना जाळाच्या पलीकडच्या बाजूनं सारून दिली.

पहिली पंगत बसली. साहेब आणि बाई पाटावर, बाकी आम्ही गोणपाटावर. भरीत, पुरी, वर कच्चं तेल, बाजूला मुळा. जयवंतरावांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले.

"नारायणराव, बडोद्यात पन्नास वर्षं काढली, हे खाल्लं नव्हतं."

"घ्या ना साहेब. पोटभर घ्या."

तिसऱ्या पुरीला नारायणनं विषय काढला. लसूण भरायला लागलेला, वाल फुलावर आलेले, होळीपर्यंत जर भिंत थांबली तर सात घरांवर उपकार होतील. जयवंतरावांनी पुरी भरितात बुडवली.

"होळी ना? काही हरकत नाही. कंत्राटदाराला मी आधी पलीकडची बाजू घ्यायला सांगतो. होळीपर्यंत इथं कोणी येणार नाही."

सुनंदानं पदर तोंडाला लावला. तिला हसू आवरत नव्हतं. माझ्या बाजूला बसलेल्यानं मला कोपरानं ढोसलं. दोन आठवड्यांत पहिल्यांदा आमचं जेवण घशाखाली नीट उतरलं.

चिमणाबाई दुसऱ्या घाण्याची वांगी सोलत होती. ती पंगतीत बसलेलीच नव्हती. एक वांगं तिनं उभं फाडलं आणि तिचा हात थांबला. कोवळ्या वांग्याचं बी डोळ्यांना दिसत नाही, दातांना लागत नाही. या वांग्यात बी दाटलेलं होतं, तिळाएवढं, पिवळट. तिनं दोन दाणे बोटांत चोळले. एक दातांखाली धरला. कट्ट आवाज आला.

ती उठली. काळ्या हातांनी, अनवाणी वावरात गेली. तिथून परत आली तेव्हा तिच्या मुठीत हिरव्या चिंध्या होत्या. पंगतीसमोर ती उभी राहिली.

"कोनं तोडले?"

निरुपमाबाईंना वाटलं, आपल्याला गमतीनं विचारताहेत.

"मीच हो. म्हणजे नारायणरावांनी कापून दिली. फार सुंदर आहेत! आमच्यासाठी एवढी आठवण ठेवलीत..."

"तुमच्यासाठी?" चिमणाबाईनं नवऱ्याकडे बघितलं. "बाईले कोनं सांगतलं तिच्यासाठी हायेत म्हनून?"

"चिमणे, पाहुणे जेवू राह्यले," नारायण दबक्या आवाजात म्हणाला. "आत जाय."

"आत कायले जाऊ? तुले म्हाईत नव्हतं चिंधी कशाची हाये? एकवीस वर्षं झाले मी तुह्या डोयासमोर चिंधी बांधतो. तुले म्हाईत नव्हतं?"

लाइनीतल्या बायका चपापल्या. चिमणाबाई नवऱ्याला अहोजाहो करायची, रागातसुद्धा. आज पहिल्यांदा, आणि साहेबासमोर, ती त्याला अरेतुरे बोलली होती.

"पाच वांग्यांचं काय घेऊन बसली? बेचाळीस झाडं हायेत."

"बाकीचं फळ कोवळं हाये, त्याच्यात बी कुठी? बेचाळीस झाडांचं बी कोन देईन? तुहा बाप?"

जयवंतरावांनी हात धुवायला पाणी मागितलं. तांब्या घेऊन ते शांतपणे म्हणाले, "बाई, झाला असेल काही गैरसमज. पण वांगीच ना ती? बाजारात उद्या हवी तेवढी आणून देतो."

त्यांना समजूत घालायची होती. पण दुसरं कोणतंही वाक्य बोलले असते तर बरं झालं असतं.

"बजारात भेटते तं मंग तुम्ही अठी कायले आले?" चिमणाबाई म्हणाली. "पन्नास वर्षांत खाल्लं नही म्हनले ना आत्ताच? काऊन खाल्लं नही? बजारात भेटत नही म्हनून. हे बी माह्या मायचं हाये. तिचं घर गेलं, वावर गेलं, तठी आता कोनाकडे दाना नही. दोन तुम्ही भाजले. भाजलेल्याले काही इलाज नही. तीन कुठी हायेत?"

"गाडीत आहेत," निरुपमाबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "पण दिलेली वस्तू अशी परत मागतात का?"

"मी दिली नही बाई. ज्यानं दिली त्याची नव्हती."

नयना रडकुंडीला आली. "मम्मी, रेवा दे ने! राहू दे, प्लीज!"

"तू गप. तुले बोलायचं व्हतं तव्हा बोलली नही."

नारायण उठून मध्ये आला. हात जोडून साहेबांना म्हणाला, "साहेब, तिचं मनावर घेऊ नका. तिची तब्येत बरी नही दोन दिवस झाले. तुम्ही खुशाल घेऊन जा."

"तब्येत बरी नही?" चिमणाबाईचा आवाज एकदम खाली आला, आणि तो ओरडण्यापेक्षा वाईट होता. "साहेब, माही तब्येत चांगली हाये. पहाटं चारपासून मी पुऱ्या लाटू राह्यली, तुम्ही त्या खाल्ल्या. माहे वांगे द्या."

जयवंतरावांनी रुमालानं हात पुसले. एकेक बोट पुसलं. मग ते गाडीकडे गेले, डिकी उघडली, पिशवी काढली आणि स्वतः आणून चिमणाबाईच्या पायाशी ठेवली.

"ही घ्या. पण मग ते भिंतीचं आमच्याकडे मागू नका. जेवणावर बोललेलं जेवणाबरोबर गेलं."

"मी मांगलं नव्हतं," ती म्हणाली.

"चला, निरुपमा."

गाडी वळली. जाळ विझत आला होता. मग सुनंदा उठली आणि तिनं आपल्या पानातलं भरीत उचलून जाळात टाकलं.

"होळीपर्यंत म्हनला व्हता तो. आमच्या कानांनी आयकलं. तुह्या तीन वांग्यांपायी सात घराचं वावर गेलं, चिमणे."

"तीन नही, पाच."

"पाच का पन्नास! माहा लसूण एवढा एवढा झाला हाये. तो काय मी तुह्या वांग्यात घालू?"

"मले शिव्या देतं. त्याले काऊन देत नही?" चिमणाबाईनं नारायणकडे बोट केलं. "यानं एक शब्द सांगतला असता, बाई, हे बियाचे हायेत, दुसरे घ्या. ती बाई नही म्हनली असती का? चाळीस वांगे व्हते वावरात! ते खुशीनं घेऊन गेली असती. तुहा लसूणही राह्यला असता आन माहं बीही. एक शब्द जड झाला याले."

तिचं खरं होतं, पण त्यामुळं कुणाचा राग गेला नाही. नारायण बडगीशेजारी उकिडवा बसला होता.

"साहेबाले नही कसं म्हनायचं," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला.

कांचनबेननं आपलं पातेलं रिकामंच उचललं आणि गाडी जुंपली.

सोळा जानेवारीला सकाळी आठ वाजता कंत्राटदाराची माणसं आली. एक दिवसही इकडं तिकडं झाला नाही. भिंतीच्या आखणीची दोरी बरोबर सुनंदाच्या लसणातून गेली. आम्ही हाताला लागेल ते उपटलं. महिनाभर सात घरांतून कोवळ्या लसणाचा वास येत होता. लसणाची भाजी, लसणाची भाकरी, लसणाचं तिखट. चिमणाबाई नळावर आली की बायका बोलायचं थांबवत. ती बादली लावायची, भरेपर्यंत समोर बघत उभी राहायची आणि निघून जायची. कुणाची माफी तिनं मागितली नाही. घरात नारायणशी तिचं बोलणं नयनाच्या मार्फत चालायचं. "तुह्या बापाले सांग, डबा भरला." एका खोलीत, चार हातांवरून.

ती तीन वांगी तिनं चुलीवरच्या शिंकाळ्यात ठेवली होती. झाडावर पिकायची ती शिंकाळ्यात पिकली. फेब्रुवारीत फोडली तेव्हा एक आतून सडलेलं निघालं, दुसऱ्यात बी पोचट. तिसऱ्यानं मूठभर दिलं. तिनं ते धुतलं, राखेत घोळलं, वाळवलं. मग दहा दाणे मोजून ओल्या फडक्यात बांधून पाहिले. सात उगवले.

जूनमध्ये एका रविवारी साहेबांचा शिपाई सायकलवरून आला. चिमणाबाई दारात तांदूळ निवडत होती, नारायण खाटेवर.

"बाईसाहेबांनी वांग्याचं थोडं बी मागितलंय. बंगल्यामागं जागा आहे, माळी आहे. चमचाभर दिलं तरी चालेल."

नारायण उठला. फळीवरच्या बियाच्या डब्याकडे त्याचा हात गेलासुद्धा. चिमणाबाईनं सूप खाली ठेवलं, आत आली आणि त्याच्या हातातून डबा काढून घेतला. मग शिपायासमोर येऊन उभी राहिली.

"बाईले सांग, बी मी कोनाच्या हातात देत नही. जागा तिची, बी माहं. रोपं मी करीन, मीच येऊन लावीन. बियाचं फळ कोनतं ठेवायचं ते मी ठरवीन, त्याले घरातलं कोनी हात लावायचा नही. निम्मे वांगे तिचे, निम्मे आमच्या लाइनीचे. सात घरांचे. नीट ध्यानात ठेव, सात."

शिपाई हसला. "असं कसं सांगू मी बाईसाहेबांना?"

"जसं मी तुले सांगतलं तसं. नही म्हनली तं नही. मी दुसरी जागा पाहीन."

"अन् साहेबांना राग आला तर?"

"साहेबाजवळ आता माहं काय राह्यलं हाये न्यायले?"

शिपाई गेल्यावर नारायण म्हणाला, "दिलं असतं चमचाभर तं काय झालं असतं?" तिनं त्याला उत्तर दिलं नाही. नयना घरात नव्हती.

पाच दिवसांनी शिपाई परत आला. बाईसाहेबांनी या म्हणून सांगितलं होतं. साहेब काय म्हणाले, ते त्यानं सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही. त्या संध्याकाळी तिनं तेलाच्या दोन रिकाम्या डब्यांत बी टाकलं.

जुलै सरता सरता रोपं चार पानांवर आली. ती टोपलीत भरताना सुनंदा दारात येऊन उभी राहिली. सात महिन्यांत पहिल्यांदाच.

"सात घरं म्हनली म्हने तू."

"म्हनली."

"एका टोपलीत नही मावणार ते. आन इकडे." सुनंदानं दुसरी टोपली उचलली. "माहा राग गेला नही, हे सांगून ठेवतो."

"माहाही नही," चिमणाबाई म्हणाली.

न्यायमंदिरला बस बदलून दोघी कारेलीबागेत गेल्या. तिथलं सुनंदानं सांगितलेलं. बंगल्यामागची माती माळ्यानं वरवर कुदळलेली होती, ती चिमणाबाईनं पुन्हा खणायला लावली. माळी कुरकुरला तर कुदळ त्याच्या हातून घेऊन स्वतः खणली. दोन हातांवर एक रोप, ओळ सरळ. चार ओळी झाल्या तेव्हा निरुपमाबाई बाहेर आल्या आणि वाफ्याच्या कडेनं आत येऊन उभ्या राहिल्या.

"इथं आधी गुलाब होते आमचे," त्या म्हणाल्या.

चिमणाबाईनं मान वर केली नाही. रोपाभोवतीची माती ती दाबत होती.

"बाजूले व्हा बाई. पाय रोपावर पडू राह्यला."

निरुपमाबाईंनी खाली पाहिलं, चपला काढून हातात घेतल्या आणि दोन पावलं मागं सरल्या.